माग काढावा, गाठ टाळावी

ताडोबाच्या जंगलात पहाटेच्या गस्तीवर निघालेला जुना वनरक्षक धुळीत ठसा दिसताच थांबतो. मात्र तो लगेच खाली वाकत नाही. ठशाचे तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेची झाडी तो प्रथम न्याहाळतो, मागे वळून आपण आलो ती वाट पाहतो आणि नंतरच ठशापाशी बसतो. नवखा मनुष्य याच्या नेमके उलट करतो. ठसा दिसल्याच्या आनंदात तो आधी खाली बसतो आणि मान वर करावयाचे विसरतो.

माग काढण्याची विद्या आपल्याकडे शिकारीबरोबर वाढली. मचाण, हाकारा आणि बंदूक यांच्या काळात जनावराची गाठ पडावी म्हणूनच माग काढला जाई. आज हेतू बदलला आहे. वाघ कोठे आहे, किती आहेत, कोणत्या गावाच्या शिवाराकडे वळले आहेत, हे जाणून घ्यावयाचे आणि तेही त्याची गाठ न पडता, असे आजच्या कामाचे स्वरूप आहे. हेतू बदलला तरी अंगवळणी पडलेल्या सवयी तितक्या लवकर बदलत नाहीत. ताज्या मागाच्या पाठोपाठ चालत राहणे ही त्यांपैकी सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक सवय होय.

ठशावरून वाघ मोजण्याची पद्धत ओरिसातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास बसविली. काचेवर ठशाची रेषा उतरवून घ्यावयाची, प्लास्टरमध्ये साचा घ्यावयाचा आणि त्यांची तुलना करून वाघ ओळखावयाचे, असा तिचा क्रम होता. याच पद्धतीने १९७२ मध्ये देशव्यापी गणना झाली आणि १,८२७ हा आकडा पुढे आला. दुसऱ्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. पुढे राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात कागदोपत्री वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे २००५ मध्ये उघडकीस आले, तेव्हा केवळ ठशांवर विसंबून संख्या सांगण्याची पद्धत मागे पडली. २००६ पासून स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखले जातात. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण निराळी असते, हा त्याचा आधार. तथापि कॅमेरा कोठे बांधावयाचा हे ठरविण्यासाठी आधी कोणीतरी पायी फिरून खुणा शोधाव्याच लागतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या गणनेच्या पहिल्या टप्प्यात नियतक्षेत्रातील वनरक्षक ठरावीक वाटा चालून ठसे, विष्ठा, ओरखडे यांची नोंद करतो. महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ असा वाढत गेला. यांपैकी पुष्कळ वाघ अभयारण्यांबाहेर, चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीकडील गावांलगतच्या जंगलात राहतात. त्यामुळे ठसा वाचता येणे ही आता केवळ वनखात्याची गरज राहिलेली नाही.

ठसा काय सांगतो

कुत्रा, लांडगा व तरस यांच्या ठशांत नखांची टोके उमटतात. वाघ व बिबट्या नखे आत ओढून चालतात, म्हणून त्यांच्या ठशांत चार बोटे व मागची गादी एवढेच दिसते. गादीच्या मागील कडेला तीन गोलाकार भाग असतात. बिबट्याचा ठसा साधारणतः सात-आठ सेंटिमीटर रुंद, तर प्रौढ वाघाचा बारा-तेरा सेंटिमीटर असतो. मागच्या पायाच्या ठशाभोवती चौकट आखली तर नराची चौकट जवळजवळ चौरस भरते व मादीची उभट होते. या ढोबळ खुणा होत. मऊ चिखलात ठसा पसरतो, कडक भुईवर आक्रसतो, आणि उतारावर बोटे लांबतात. म्हणून एका ठशावरून निष्कर्ष काढू नये, दहा-वीस पावलांचा माग पाहावा.

येथे एक धोक्याची जागा आहे. वाघाच्या वाढत्या बच्च्याचा ठसा आकाराने बिबट्याच्या ठशाएवढा असतो. “बिबट्याच आहे, निघून गेला असेल,” असे म्हणून पुढे जाणारा मनुष्य प्रत्यक्षात बच्चेवाल्या वाघिणीच्या वाटेवर असू शकतो. लहान ठसा दिसला की आसपास, वाटेच्या दोन्ही कडांना, मोठा ठसा आहे काय हे पाहिल्याखेरीज पाऊल उचलू नये.

ठसा कोणाचा, यापेक्षा तो केव्हाचा हा प्रश्न जिवाशी अधिक निगडित आहे. याचे उत्तर ठशाच्या आसपास असते. आदल्या संध्याकाळी गस्तीची जीप गेली असेल व तिच्या चाकांच्या नक्षीवर ठसा असेल, तर जनावर जीपच्या नंतर गेले. चाक ठशावरून गेले असेल तर आधी. दवाने बसलेली धूळ पंजाखाली मोडली असेल तर ठसा पहाटेचा, आणि ठशातच दवाचे टिपके पडले असतील तर तो रात्रीचा. रात्री हिंडणाऱ्या किड्यांच्या बारीक ओळी ठसा ओलांडून गेल्या असतील तर त्यावरून काही प्रहर लोटले आहेत. ताज्या ठशाच्या कडा सुरीने कापल्यासारख्या असतात. ऊन आणि वारा त्या हळूहळू ढासळवतात, वाळलेले पान किंवा काडी आत येऊन पडते. पाणवठ्याच्या काठी तर घड्याळच मांडलेले असते. चिखलातील ठशात पाणी अजून झिरपत असेल, किंवा साचलेले पाणी गढूळ असेल, तर जनावर उठून गेल्यास काही मिनिटेच झाली आहेत. असा ठसा मोजमापासाठी उत्तम असला, तरी तेथे मोजमाप करीत बसू नये. आल्या वाटेने, बोलत, सर्वांनी मिळून मागे फिरावे.

ठशाखेरीज इतर खुणाही असतात. वाघ झाडांच्या बुंध्यांवर नखे ओढतो, जमीन खरवडतो आणि झुडपांवर मूत्रमिश्रित द्रवाची फवारणी करून आपली हद्द राखतो. या फवारणीला सुवासिक तांदळाच्या शिजत्या भातासारखा वास येतो, आणि दोहोंतील सुगंधी द्रव्य एकच आहे हे कलकत्त्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवून दिले. रानात अचानक भाताचा वास आला तर रसिकता बाजूस ठेवून सावध व्हावे. सांबराची घोगरी हाक विश्वसनीय मानली जाते. चितळ पुष्कळदा उगाच बिचकते. झाडाच्या शेंड्यावरील वानर खाली ज्या बाजूस पाहून खेकसते, त्या बाजूस जनावर असते. कावळे आणि टकाचोर पक्षी एका जागी खालीवर करीत असतील, माश्यांचा घोंगाट ऐकू येत असेल, किंवा जमिनीवर काही ओढत नेल्याची रेघ दिसली, तर तेथे शिकार पडली आहे असे समजावे. त्या रेघेच्या टोकापर्यंत जाण्याचे कारण कोणालाही नाही. आपले भक्ष्य राखणारा वाघ आणि बच्चेवाली वाघीण यांच्याजवळ जाण्याइतका मोठा प्रमाद जंगलात दुसरा नाही.

मग माग काढावयाचा कसा? अनुभवी लोक माग उलटा काढतात. ठसे जिकडे चालले आहेत तिकडे न जाता ते जिकडून आले आहेत तिकडे जातात. जनावराने पाणी कोठे प्यायले, रात्र कोठे काढली, कोणत्या नाल्याने ते शिवारात शिरले, हे सर्व उलट्या मागावर समजते आणि प्रत्येक पावलागणिक मनुष्य व जनावर यांतील अंतर वाढत जाते. ते फिरून त्याच बाजूस आलेले असण्याची शक्यता मात्र उरते, म्हणून डोळे उघडे ठेवावे लागतातच. पुढे ते कोठे गेले याचा शोध घ्यावयाचा असेल, तर पाठोपाठ न जाता मोकळ्या रस्त्याने वळसा घालून पुढच्या फाट्यावर ठसे उमटले आहेत काय ते पाहावे. उमटले नसतील तर जनावर मधल्या झाडीतच आहे, एवढी माहिती पुरेशी होते.

२० नोव्हेंबर २०२१

त्या दिवशी सकाळी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांसह गणनेच्या खुणा नोंदविण्यासाठी पायी निघाल्या. सुमारे चार किलोमीटर चालून गेल्यावर पुढे वाटेवर, साधारण २०० मीटरवर, वाघीण बसलेली दिसली. पथक थांबले. अर्धा तास वाट पाहूनही वाघीण उठेना. तेव्हा तिला टाळून पुढे जाण्यासाठी पथकाने दाट झाडीतून वळसा घेतला. वाघिणीला ती हालचाल जाणवली, आणि सर्वांच्या मागे चालणाऱ्या वनरक्षक महिलेवर तिने हल्ला केला. त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील पायी सर्वेक्षण थांबविण्यात आले.

या घटनेत बेपर्वाई कोठेच दिसत नाही, आणि म्हणूनच तिचा विचार शांतपणे करावयास हवा. वाघीण वेळेवर दिसली होती. अंतर पुरेसे होते. पथकाने धीरही धरला होता. वाघीण मोकळ्या वाटेवर होती तोवर दोघेही एकमेकांना पाहत होते. झाडीत शिरताच ती पथकाला दिसेनाशी झाली, परंतु पथकाची चाहूल तिला लागतच राहिली. दिसणाऱ्या वाघापेक्षा दृष्टीआड झालेला वाघ अधिक धोक्याचा असतो. जनावर मोकळ्यावर असताना माणसाने दाट झाडीत शिरू नये. पुढे जावयाचे असेल तर जनावर उठून गेल्यावरही बराच वेळ थांबून, आणि तेही मोकळ्या वाटेनेच जावे. अन्यथा परत फिरावे.

परत फिरणे सांगावयास सोपे आहे. सकाळी निघालेल्या पथकाच्या हाती एक तक्ता असतो. इतके किलोमीटर, इतक्या दिवसांत, असा तो ठरलेला असतो. चार किलोमीटर चालल्यानंतर उरलेल्या एका किलोमीटरसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच किलोमीटर चालावे लागणार, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे पाऊल मागे वळताना जड होते. ही गोष्ट मनुष्यस्वभावाची आहे आणि तिचा उपाय जंगलात नाही, तो कार्यालयात आहे. “जनावर दिसल्याने मार्ग अपूर्ण सोडला” ही नोंद पूर्ण झालेल्या कामाइतकीच वैध मानली जावी, तिच्यासाठी तक्त्यात स्वतंत्र रकाना असावा आणि तो भरल्याबद्दल कोणासही जाब विचारला जाऊ नये. अपूर्ण मार्ग दुसऱ्या आठवड्यात पूर्ण होतो. शिवाय जेथे वाघ प्रत्यक्ष दिसला तेथे वाघाच्या खुणा शोधण्याचे काम तसे झालेलेच असते.

पथकाची रचनाही जपावी लागते. एकामागोमाग एक लांब रांग न करता सर्वांनी जवळजवळ चालावे. शेवटच्या माणसाने अधूनमधून मागे पाहावे, आणि ती जागा अनुभवी माणसाकडे असावी. मौन पाळणे शिकाऱ्याला आवश्यक होते, गणना करणाऱ्याला ते अपायकारक आहे. वळणावर, नाल्यात उतरताना, उंच गवताशी येताच खाकरावे, काठी आपटावी, आपसांत बोलावे. माणसाचा आवाज दुरून ऐकलेले जनावर बहुधा बाजूस होते. वाघ समोर आलाच तर पळू नये, खाली बसू नये, पाठ फिरवू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावे. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपाने गोळा करावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. पाने खुडताना, मोहफुले वेचताना मनुष्य वाकलेला असतो व त्याचे लक्ष जमिनीकडे असते. अशा वेळी चौघांपैकी एकाने उभे राहून केवळ पहारा करावा. त्यामुळे मजुरी थोडी बुडते हे खरे, म्हणून ती चौघांनी वाटून घेण्याची रीत गावाने घालून द्यावी.

अस्वल, गवा आणि हत्ती

वाघाचे नियम सर्वांना लागू पडत नाहीत. अस्वलाची दृष्टी मंद असते. वारुळ उकरण्यात किंवा मोहफुले खाण्यात गुंतले म्हणजे त्याचे कानही तिकडे नसतात. ते दचकते, आणि दचकले की पळून जाण्याऐवजी अंगावर येते. डोके व चेहरा यांवरच त्याचा मारा असतो. त्याच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो, मात्र बोटांपुढे नखांच्या खुणा असतात. ताजी उकरलेली वारुळे दिसली की मोठ्याने बोलत राहावे.

गव्याचा ठसा बैलाच्या खुरासारखाच पण मोठा असतो. दाजीपूर-राधानगरीच्या परिसरात तो शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. एरवी भिडस्त असलेला हा प्राणी कोंडला गेला म्हणजे भयंकर होतो. एकटा नर गवा दिसल्यास त्याची निघून जाण्याची वाट मोकळी ठेवणे हाच उपाय.

हत्तीचा माग सर्वांत ठळक, आणि त्यामुळेच मनुष्य त्याच्या मागावर निर्धास्त होतो. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्गाच्या दोडामार्गाकडे हत्ती आले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे एक कळप गडचिरोलीत शिरला. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या हत्तीचा माग कोणी काढला नव्हता तेथे ही विद्या नव्याने शिकावी लागली. पश्चिम बंगालमधून अनुभवी माणसेही बोलावण्यात आली. पुढच्या पायाच्या ठशाचा परीघ मोजून दुप्पट केला की हत्तीची खांद्याजवळची उंची मिळते, हे गणित शाळेतील मुलांनाही आवडेल. परंतु ते जुन्या ठशावर करावे. हत्ती एवढा मोठा असूनही बांबूच्या बनात निश्चल उभा राहिला तर वीस पावलांवरूनही दिसत नाही. त्याची दृष्टी साधारण, पण घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर आपण येत असल्याचे त्याला केव्हाच कळलेले असते. चिमूटभर धूळ सोडून वाऱ्याची दिशा पाहण्याची जुनी युक्ती येथे उपयोगी पडते. लीद आतून कोमट लागली तर माग तेथेच सोडावा. रात्री तर हत्तीच्या मागावर कोणीही जाऊ नये.

गळ्यात पट्टा बांधलेल्या जनावराचे काम निराळे. पट्ट्यातील यंत्राचे संकेत दोन-तीन दूरच्या ठिकाणांहून अँटेनाने घेतले आणि नकाशावर त्यांच्या दिशा आखल्या, तर रेषा जेथे छेदतात तेथे जनावर असते. जवळ जाण्याची गरज पडत नाही, हाच या साधनाचा मोठा लाभ होय.

ठसा गावात उमटतो तेव्हा

जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत बिबट्या उसातच जन्मतो व उसातच वाढतो. तोडणी सुरू झाली की त्याचे घर कमी होत जाते. फड चारही बाजूंनी तोडत आणला तर शेवटच्या चार सरींत बिबट्या कोंडला जातो. एका बाजूने तोडत जाऊन दुसरी बाजू मोकळी ठेवली तर तो रात्री निघून जातो. बच्चे सापडल्यास त्यांना घरी नेऊ नये. वनखाते ती त्याच ठिकाणी सुरक्षित ठेवते आणि बहुतेक वेळा मादी रात्री येऊन ती घेऊन जाते. तोवर तोडणी थांबवावी, आणि टोळीची मुले फडाच्या कडेला झोपवू नयेत.

गावात ठसा दिसल्यावर मोठी अडचण जनावरापेक्षा गर्दीची होते. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी त्याच्यामागे धावली, तो बिथरून धावत राहिला, आणि पकडला गेल्यानंतर मरण पावला. लाखोंच्या शहरात जे घडले ते पाचशे उंबऱ्यांच्या गावात अधिक लवकर घडू शकते, कारण तेथे प्रत्येक घरातून एक तरी मनुष्य माग पाहावयास बाहेर पडतो. अर्ध्या तासात ठसे पायदळी जातात. नंतर आलेल्या वनरक्षकाला जनावर कोणते, केव्हा आले, शिवारात आहे की गेले, यांपैकी काहीच सांगता येत नाही.

म्हणून सरपंच, पोलीस पाटील व शिक्षक यांनी एवढेच करावे. उत्तम दिसणाऱ्या दोन ठशांवर घमेले किंवा टोपली पालथी घालावी, शेजारी काठी रोवावी, लोकांना दूर ठेवावे आणि १९२६ या क्रमांकावर वनखात्यास कळवावे. माग ज्या झाडीत वा उसात शिरला आहे तेथे कोणी दगड मारू नयेत, आत डोकावू नये. त्या बाजूची शाळेची वाट त्या दिवसापुरती बदलावी. जनावरे राखणाऱ्या मुलांना निरोप पोहोचला की नाही, हे प्रत्यक्ष माणूस पाठवून पाहावे.

ठसा कोठे व कोणत्या वेळी दिसला, तोंड कोणत्या दिशेस होते आणि त्या रात्री पाऊस वा दव होते काय, एवढ्या नोंदींची एक वही गावात असावी. वर्षभरात जनावराच्या ठरलेल्या वाटा तिच्यातून दिसू लागतात, आणि दिवे कोठे लावावयाचे, झुडपे कोठे तोडावयाची, हे ग्रामसभेत ठरविता येते. ही वही ग्रामपंचायतीच्या कपाटात मात्र ठेवू नये. ती दूध संकलन केंद्रावर ठेवावी. ठशाची बातमी पहाटे पाचला येते आणि ग्रामपंचायतीचे कार्यालय उघडण्यास दहा वाजतात.